मेलेला प्रोग्राम बोलत नाही

खानापूर तालुक्यातल्या एका केंद्रावर परवा उताऱ्यासाठी तासभर थांबलो. खिडकीतून एकच उत्तर येत होतं, "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या की." सर्व्हर म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर आणि तो बंद पडलाय, अशी आपली समजूत. पण मोठ्या सेवा आता बहुधा एका यंत्रावर नसतात, अनेक यंत्रांचा क्लस्टर त्या चालवतो. पडतो त्यातला एखादा तुकडा. कुठला आणि का, हे ज्या संदेशानं सांगायचं तोच नीट बोलत नाही.

माझी भाची बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. तिचा प्रोजेक्ट कुबरनेटिसवर, म्हणजे गुगलनं २०१४ मध्ये खुल्या केलेल्या क्लस्टर सांभाळणाऱ्या साधनावर. पडद्यावर चार दिवस एकच शब्द: 'क्रॅशलूपबॅकऑफ'. ती कोडमधली चूक शोधून दमली. या शब्दात कारण नसतंच. प्रोग्राम पडतोय, मी उठवतोय, आता जरा थांबलोय, एवढंच तो सांगतो. थांबणं आधी १० सेकंद, मग २०, ४०, ८०, १६० आणि शेवटी ५ मिनिटांवर स्थिर.

"डिस्क्राइब कमांड दे आणि 'लास्ट स्टेट' वाच," मी म्हटलं. ही कमांड प्रोग्रामची सविस्तर स्थिती दाखवते, आणि 'लास्ट स्टेट'मध्ये तो मागच्या वेळी कसा संपला ते असतं.

"एक्झिट कोड १३७, मामा."

एक्झिट कोड म्हणजे प्रोग्राम संपताना मागं राहणारा आकडा. हा आकडा मला फार आवडतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. प्रोग्राम सिग्नलनं, म्हणजे सिस्टिमनं धाडलेल्या इशाऱ्यानं मेला, तर सिग्नलच्या क्रमांकात १२८ मिळवायचे, हा युनिक्सच्या शेलचा, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामचा जुना संकेत. ९ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे सिगकिल. तो अडवता येत नाही, त्यावर शेवटचा शब्द लिहायलाही सवड मिळत नाही. मेमरीची मर्यादा ओलांडली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हाच सिग्नल देतो. पण सांगूनही ३० सेकंदांत बंद न झालेल्या प्रोग्रामलाही कुबरनेटिस तोच देतो. कारणं दोन, आकडा एक! म्हणून शेजारचं 'रीझन' वाचायचं. तिथं 'ओओएमकिल्ड' होतं: मेमरी संपली.

न वाचता रीस्टार्ट मारत बसणं ही मला अंधश्रद्धाच वाटते. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू जरूर लावा, पण लॉग, म्हणजे तिथं उमटलेल्या नोंदी, वाचा. आणि एआय सगळं ओळखेल म्हणणाऱ्यांनी सांगावं, जे कारण कुठं नोंदलंच नाही ते तो कुठून आणणार? कारण ठाऊक असतं मारणाऱ्याला. साधन बनवणाऱ्यानं ते तिथंच टिपून, मर्यादेच्या आकड्यासकट, वर पोचवलं पाहिजे.

भाचीनं मर्यादा वाढवली, पण त्याआधी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. आता पडद्यावर येतं: "२५६ एमबीची मर्यादा ओलांडली, म्हणून कर्नलनं प्रोग्राम मारला. आतापर्यंत ७ वेळा. पुढचा प्रयत्न ५ मिनिटांनी." खाली तेच कन्नडमध्ये. प्रोजेक्टमधली तिची जोडीदारीण सौंदत्तीची आहे.