आंत्रजीवाणू : रोग व निदान

आतड्यात कायम वस्ती करणारे किंवा अन्नपाण्यावाटे तेथे पोचणारे जीवाणू. मोठ्या आतड्यातले बहुसंख्य रहिवासी निरुपद्रवी असतात. रोग होतो तो मुख्यतः तीन वाटांनी : रहिवासी जीवाणू आपली जागा सोडून भलतीकडे जातो, बाहेरून आलेला जीवाणू विष सोडतो, किंवा तो आतड्याच्या भिंतीतच घुसतो.

थिओडोर एशरिख यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला ई. कोलाय आतड्यात गुपचूप राहतो. तोच मूत्रमार्गात शिरला की लघवीला जळजळ होते आणि मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप भरतो. त्याच्या काही जाती मात्र मुळातच रोगकारक आहेत. पटकीचा (कॉलराचा) जीवाणू भिंत फोडत नाही. त्याच्या विषामुळे पेशी क्षार व पाणी आतड्यात ओतू लागतात, म्हणून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात; त्यांत रक्त नसते. हे विष शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. आवेचा एक जीवाणू, शिगेला, याच्या उलट वागतो. तो भिंतीत शिरून जखमा करतो, त्यामुळे पोटात मुरडा येऊन रक्तमिश्रित आव पडते. पटकीला सहसा लाखो-कोटी जीवाणू पोटात जावे लागतात, कारण जठरातले आम्ल त्यांतले बरेचसे मारते. शिगेलाचे १० ते १०० पुरतात. म्हणूनच आव नुसत्या न धुतलेल्या हातांनी घरभर पसरते. टायफॉइडचा जीवाणू भिंत ओलांडून रक्तात जातो. अशा रुग्णाला जुलाबाऐवजी चढता ताप आणि कित्येकदा बद्धकोष्ठच असते.

नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात आणि रामकुंडावर स्नानाबरोबर तीर्थही घेतले जाते. सिंहस्थाची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. पाणी नदीपात्रातल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला लागते त्या दिवसांत सांडपाणी आणि नदी वेगळी राहत नाही. नळ ठरावीक वेळच चालू असेल, तर रिकाम्या जलवाहिनीत गळक्या सांध्यांतून बाहेरचे पाणी ओढले जाते. घरातला पहिला गढूळ लोट बहुधा तोच असतो. मात्र नितळ पाणी शुद्धच असते, असे नाही.

निदान बिघडते ते बहुतेक वेळा नमुना घेतानाच. शौचाचा नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधी, कोरड्या स्वच्छ डबीत घ्यावा. शेंगदाण्याएवढा घट्ट भाग किंवा सुमारे ५ मिली पातळ भाग पुरतो; रक्त वा आव दिसत असेल तर नेमका तोच भाग उचलावा. लघवी किंवा भांड्यातले पाणी मिसळू देऊ नये. डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवी, कारण पडून राहिलेल्या शौचात आम्ल वाढून शिगेला लवकर मरतो. इगतपुरी किंवा सुरगाण्याहून नमुना नाशिकला पाठवायचा असेल, तर वाटेत जीवाणू जिवंत राखणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात बुडवलेला स्वॅबच (कापसाचा बोळा लावलेली काडी) हवा.

जीवाणू वाढवण्याच्या मॅकॉन्की माध्यमावर ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तासांत वसाहती दिसतात. लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवणारा ई. कोलाय गुलाबी उमटतो. साल्मोनेला (टायफॉइडचा जीवाणू याच गटातला) व शिगेला रंगहीन. पटकीसाठी नमुना आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात ६ ते ८ तास ठेवून मग टीसीबीएस या खास माध्यमावर लावतात; तेथे वसाहती पिवळ्या येतात. पुढे जैवरासायनिक चाचण्या, प्रतिसीरमाने (ठरावीक जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या द्रवाने) गुठळ्या होतात का याची तपासणी आणि औषधांच्या चकत्या ठेवून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते औषध लागू पडते ते, पाहतात. प्रौढाच्या शौचात ‘ई. कोलाय वाढला’ एवढाच अहवाल आला तर त्यावरून काहीच ठरत नाही. तो तेथे असायचाच. रोगकारक जात ओळखायला विषाची किंवा जनुकांची चाचणी लागते.

टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर (रक्तातला जीवाणू वाढवून पाहणे) उत्तम. प्रौढाचे ८ ते १० मिली रक्त हवे. दोन मिली रक्तावर केलेले कल्चर निगेटिव्ह आले म्हणून टायफॉइड नाही, असे समजू नये. १८९६ पासूनची, रक्तातली टायफॉइडविरोधी प्रतिपिंडे मोजणारी विडाल चाचणी स्वस्त म्हणून सर्रास करतात, पण जुना संसर्ग किंवा लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते. ७ ते १० दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढले, तरच तिला वजन द्यावे. एका आकड्यावर औषध सुरू करण्याची सवय वाईटच.

जुलाबात अहवालाची वाट पाहत बसायचे नसते. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवावे. कमी पाण्यात कालवले तर क्षार वाढून उलट धोका होतो. आवेत रक्त असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या टाळाव्यात.

एकाच गल्लीत रुग्ण वाढले तर पाणीही तपासावे. नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटॉलिडिन) चाचणीने किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) उरलेले क्लोरीन दिसायला हवे. कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे ई. कोलायसारखे जीवाणू) तपासणीची बाटली निर्जंतुक असावी आणि तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असावे. ते नसेल तर क्लोरीन वाटेतच जीवाणू मारते आणि नळावर दूषित असलेले पाणी कागदावर पिण्यायोग्य ठरते.