बेनेडिक्ट अर्नोल्ड : वेस्ट पॉइंटच्या सौद्याची पार्श्वभूमी

मराठीत फितुराला सूर्याजी पिसाळ म्हणतात, तसे अमेरिकेत बेनेडिक्ट अर्नोल्ड म्हणतात. ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वेस्ट पॉइंटचे लष्करी ठाणे त्याने शत्रूला विकायला काढले होते. मात्र सप्टेंबर १७८० पर्यंत हा मनुष्य जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यातील अत्यंत धडाडीच्या सेनानींपैकी एक मानला जात होता, ही गोष्ट त्या नावाखाली बहुधा झाकली जाते.

कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे औषधांचे दुकान आणि जहाजी व्यापार सांभाळणारा अर्नोल्ड मे १७७५ मध्ये ब्रिटिशांचा टिकॉन्डेरोगा किल्ला घेणाऱ्यांत होता. त्याच वर्षी तो सुमारे १,१०० माणसे घेऊन मेनच्या अरण्यातून कॅनडातील ब्रिटिशांच्या ताब्यातील क्वेबेकवर चालून गेला. उपासमार, थंडी आणि पळून गेलेल्या तुकड्या यांमुळे मुक्कामी जेमतेम ६०० पोहोचले आणि ३१ डिसेंबरच्या फसलेल्या हल्ल्यात त्याच्या डाव्या पायात गोळी घुसली. ऑक्टोबर १७७६ मध्ये शँप्लेन सरोवरावर घाईघाईने बांधलेले आरमार त्याने जवळजवळ सगळे गमावले, पण त्या लढाईत गेलेल्या वेळामुळे ब्रिटिशांची दक्षिणेकडील चाल पुढच्या वर्षावर गेली. पराभवातून इतके पदरात पाडणारे सेनापती थोडेच असतात. ७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगा येथे, वरिष्ठ होरेशिओ गेट्सशी भांडण होऊन हातातले अधिकार गेलेले असतानाही, तो घोडा दौडवत रणात उतरला आणि शत्रूच्या मोर्चावर तुटून पडला. तोच डावा पाय पुन्हा जायबंदी झाला. दहा दिवसांनी ब्रिटिश सेनापती जनरल बरगॉइन शरण आला आणि या विजयामुळेच फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने करारबद्ध झाला.

त्याच्या मनातील सल खरे होते. फेब्रुवारी १७७७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, त्याला डावलून पाच कनिष्ठ अधिकाऱ्यांना मेजर जनरल केले. त्याची ज्येष्ठता परत मिळाली ती साराटोगानंतर. जून १७७८ पासून फिलाडेल्फियाचा लष्करी प्रशासक असताना त्याने थाटामाटापायी कर्ज करून घेतले, पेन्सिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाने त्याच्यावर पदाच्या गैरवापराचे आरोप ठेवले, आणि लष्करी न्यायालयाने दोन किरकोळ बाबींत दोषी ठरवल्यावर एप्रिल १७८० मध्ये वॉशिंग्टनने त्याला जाहीर समज दिली. या अपमानाने तो फिरला, असे सर्रास सांगितले जाते. तारखा मात्र वेगळेच सांगतात. ब्रिटिशांशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार मे १७७९ मध्येच, म्हणजे समज मिळण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, सुरू झाला होता. डावलले गेलेले इतरही होते. अमेरिकन अधिकारी जॉन स्टार्कने बढती न मिळाल्याने राजीनामा दिला, आणि ब्रिटिश फौज जवळ येताच परत येऊन ऑगस्ट १७७७ मध्ये बेनिंग्टनची लढाई जिंकली.

पत्रव्यवहार चालला तो ब्रिटिश सरसेनापती सर हेन्री क्लिंटनचा विश्वासू अधिकारी मेजर जॉन आंद्रे याच्याशी. अर्नोल्डची पत्नी पेगी शिपेन हिची आंद्रेशी फिलाडेल्फिया ब्रिटिशांकडे असल्यापासून ओळख होती. या व्यवहारात तत्त्वापेक्षा घासाघीसच ठळक दिसते. ऑगस्ट १७८० मध्ये अर्नोल्डने वेस्ट पॉइंटची कमान मागून घेतली. हडसन नदीच्या वळणावरील या ठाण्यापाशी शत्रूची जहाजे अडवण्यासाठी पात्रात लोखंडी साखळी टाकलेली होती. नदी हातची गेली असती, तर न्यू इंग्लंडचा दक्षिणेकडील वसाहतींशी संपर्क धोक्यात आला असता. ठाणे शिबंदीसह हवाली करण्याची किंमत २०,००० पौंड ठरली.

२१ सप्टेंबरच्या रात्री अर्नोल्ड आणि आंद्रे भेटले. आंद्रेच्या परतीसाठी थांबलेल्या ‘व्हल्चर’ या ब्रिटिश जहाजावर अमेरिकनांनी तोफा डागल्याने ते मागे हटले, आणि आंद्रेला साध्या वेशात जमिनीवरून निघावे लागले. २३ तारखेला टॅरीटाउनजवळ तीन स्थानिक अमेरिकन शिपायांनी त्याची झडती घेतली, तेव्हा मोज्यांत वेस्ट पॉइंटचे कागद सापडले. २५ तारखेला न्याहारीच्या वेळी ही खबर कळताच अर्नोल्ड होडीने ‘व्हल्चर’वर पळाला. वॉशिंग्टन त्या सकाळी त्याच्याच घरी पोहोचायचा होता. २ ऑक्टोबरला टॅपन येथे आंद्रेला फाशी दिले गेले.

ठाणे हाती न आल्याने ब्रिटिशांनी अर्नोल्डला २०,००० ऐवजी सुमारे ६,००० पौंड आणि ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला. जानेवारी १७८१ मध्ये त्याने त्यांच्या बाजूने रिचमंड लुटले, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या फौजेने न्यू लंडन जाळले. कनेक्टिकटमधील हे गाव त्याच्या जन्मगावापासून, नॉर्विचपासून, तिथल्याच थेम्स नावाच्या नदीने काही मैलच खाली आहे.