सामाजिक अंकेक्षण

सामाजिक अंकेक्षण : शासकीय योजनेवर दाखवलेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेले काम यांचा मेळ, त्या योजनेतील मजूर, लाभार्थी व ग्रामस्थ यांनी मूळ दप्तर उघडून गावातच आणि जाहीरपणे घालण्याची पद्धत. नेहमीच्या लेखापरीक्षणात प्रमाणके (व्हाउचर), पावत्या व मंजुरीचे आदेश परस्परांशी जुळतात का हे मुख्यतः पाहिले जाते. सामाजिक अंकेक्षणात तोच कागद माणसाशी आणि कामाच्या जागेशी ताडला जातो.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत ती उद्योगक्षेत्रातून आल्याचे मानते. थिओडोर क्रेप्स यांनी 1940 मध्ये अमेरिकेत उद्योगांची सामाजिक कामगिरी मोजण्याचा प्रयत्न केला व हॉवर्ड बोवेन यांनी 1953 मध्ये कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या संदर्भात या संज्ञेचा पुरस्कार केला. भारतात टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने 1979 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक अंकेक्षण समिती नेमली. रजनी कोठारी व पु. ग. मावळंकर हे तिचे अन्य सदस्य होते. देशातील या प्रकारचा हा पहिला प्रयत्न म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. तथापि समिती कंपनीने स्वतः नेमलेली होती आणि कामगारांबरोबरच भागधारक, ग्राहक व स्थानिक समाज यांच्याप्रती कंपनीने स्वीकारलेली जबाबदारी कितपत पार पडली एवढाच तिचा विषय होता. सार्वजनिक पैशाचा हिशेब लोकांनी मागणे ही कल्पना तीत नव्हती.

दुसऱ्या मतानुसार आजच्या पद्धतीचे मूळ मध्य राजस्थानातील मजुरांच्या चळवळीत आहे, आणि उपलब्ध पुरावा या मताकडे अधिक झुकतो. 1990 मध्ये आताच्या राजसमंद जिल्ह्यात स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटन या संस्थेचा (अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह प्रभृती) आरंभीचा लढा किमान वेतनासाठी होता. दुष्काळी कामांवर मजुरी मोजमापावर ठरत असे. काम कमी भरले, म्हणून मजुरी कमी, असे मजुरांना सांगितले जाई आणि ज्या नोंदींच्या आधारे ते खोडून काढता आले असते त्या गोपनीय म्हणून नाकारल्या जात. वेतनाच्या मागणीतून दप्तराची मागणी पुढे आली ती अशी. 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे भरलेली जनसुनावणी सामान्यतः पहिली धरली जाते. तीत हजेरीपटावरील नावे व रकमा मोठ्याने वाचण्यात आल्या आणि ज्यांच्या नावे पैसे उचललेले दाखवले होते त्यांनी सर्वांसमक्ष साक्ष दिली. त्या वेळी कागद मिळणे एखाद्या अनुकूल अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. पुढील वर्षी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती देण्याचे आश्वासन दिले. ते अमलात न आल्याने एप्रिल 1996 मध्ये ब्यावर येथे 40 दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच काळात रूढ झाली. अंकेक्षण हे नाव या जनसुनावण्यांना बहुधा नंतर लाभले असावे.

माहितीचा हक्क देणारे कायदे तामिळनाडू व गोवा येथे 1997 मध्ये झाले. महाराष्ट्राचा 2000 मधील कायदा अपुरा ठरून त्याच्या जागी 2002 चा अधिक व्यापक कायदा आला. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णतः अमलात आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या कलम 17 ने ग्रामसभेवर सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी टाकली. 2011 च्या नियमांनी, जे महालेखापरीक्षकांशी विचारविनिमय करून बनवण्यात आले, त्यासाठी स्वतंत्र राज्य यंत्रणा, सहा महिन्यांतून किमान एकदा अंकेक्षण आणि त्यापूर्वी किमान 15 दिवस अभिलेख उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. गावपातळीवरील तपासणी करणारी व्यक्ती त्याच ग्रामपंचायतीची रहिवासी असू नये, ही त्यांतील तरतूद वरवर किरकोळ वाटते. हितसंबंध व दबाव या दोन्ही दृष्टींनी ती महत्त्वाची आहे.

तपासणीत हजेरीपट (मस्टर), मोजमाप पुस्तिका, जॉबकार्ड व साहित्याची बिले ही मुख्य साधने होत. मृत किंवा स्थलांतरित व्यक्तींची हजेरी, एकाच मजुराचे एकाच दिवशी दोन मस्टरवर नाव आणि वाढवून लिहिलेली खोदाई हे गैरप्रकार घरोघरी चौकशी व जागेवरील मोजणी यांतून उघड होतात. मजुरी बँक व टपाल खात्यांत जमा होऊ लागल्यापासून रोखीच्या वाटपातील गळतीला काहीसा आळा बसला. साहित्यखर्चाची तपासणी मात्र तुलनेने दुबळी राहिली, कारण सिमेंट-खडीचे प्रमाण व दर पारखण्यास तांत्रिक ज्ञान लागते. कामांच्या खर्चात साहित्याचा वाटा 40 टक्क्यांपर्यंत असू शकतो हे पाहता ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

आंध्र प्रदेशात 2006 पासून हे काम शासनानेच पद्धतशीरपणे हाती घेतले व 2009 मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. तेथे गैरव्यवहार मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले, परंतु त्या मानाने वसुली बरीच कमी झाली. निष्कर्षांवर कारवाई करण्याचे अधिकार अंकेक्षण यंत्रणेकडे नसून अंमलबजावणी करणाऱ्या प्रशासनाकडेच राहतात, हे त्याचे एक कारण दिसते.

महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या अधिनियमाने कायद्याचा आधार दिला. तिच्यावरील देखरेख प्रामुख्याने विधिमंडळाच्या व जिल्हा-तालुका पातळीवरील समित्यांकडे होती. ग्रामसभेचे अंकेक्षण केंद्रीय कायद्यामागून आले. आरोग्यक्षेत्रात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या सेवेविषयी जनसुनावण्या घेण्यात आल्या.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमात स्वस्त धान्य दुकानांच्या अंकेक्षणाची तरतूद आहे. विविध शासकीय योजनांना लागू होणारा सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा मेघालयाने 2017 मध्ये केला.