कालापाना: रांगत आलेल्या लाव्हाखाली गेलेलं गाव

ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला स्फोट आणि पळापळच आठवते, पण हवाईच्या बिग आयलंडवरचं कालापाना तसं गेलं नाही, ते लोकांच्या डोळ्यांदेखत हळूहळू गेलं. १९९० मध्ये जवळजवळ नऊ महिने लाव्हा येत होता, मध्येच थांबायचा, लोकांना वाटायचं सुटलो एकदाचे, आणि मग दुसऱ्याच बाजूने कुणाच्या तरी परसात शिरायचा. शंभरहून जास्त घरं गेली.

किलाउएया या तिथल्या ज्वालामुखीचा तो उद्रेक ३ जानेवारी १९८३ ला सुरू झालेला. १९८६ मध्ये लाव्हा कुपाइआनाहा नावाच्या नव्या तोंडातून यायला लागला. आता तिथून समुद्र दहा-बारा किलोमीटर, मग वाटेत लाव्हा थंड का होत नाही? कारण वरचा थर गार होऊन दगड बनतो आणि त्याच्याखाली आपोआप बोगदा तयार होतो, त्यातून अकराशे अंशांच्या वरचा लाव्हा थर्मासमधल्या चहासारखा गरमच वाहत राहतो.

गावात पोचला तेव्हा तो जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर जाडीचा, गुळगुळीत, म्हणजे पाहोएहोए प्रकारचा. वर लगेच साय धरते, पण आत मागून लाव्हा येतच असतो, त्यामुळे ती साय वर उचलली जाते. तव्यावर भाकरी फुगते तसंच, फक्त वाफेऐवजी आत लाव्हा. असा एक थर एक ते पाच मीटर फुगलेला तिथे मोजलाय. मग त्यावर दुसरा, तिसरा. म्हणून ते गाव आज १५ ते २५ मीटर दगडाखाली आहे, आणि काइमूची काळ्या वाळूची खाडी तर पूर्ण बुजली.

मला सगळ्यात लागतं ते हे की या संथपणामुळे लोकांना जीव वाचवता आला, सामान हलवता आलं, पण गाव काही हलवता येत नाही. एक गोष्ट मात्र हलवली. बेल्जियन पाद्री एवारिस्ट गिएलेन यांनी आतून रंगवलेलं छोटं लाकडी चर्च मे १९९० मध्ये लाव्हा पोचायच्या आधी अख्खंच्या अख्खं ट्रकवर चढवून नेलं. ते आजही रस्त्याकडेला उभंय.

आणि हे आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाहीये बरं का! सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, आणि त्यातले बरेच थर असेच फुगत फुगत जाड झाले, हे कळायला कालापानासारख्या ठिकाणची मोजमापं कामी आली. तेव्हा इथे बघायला माणूस नव्हता, तिथे माणसं आपल्या अंगणात उभी राहून बघत होती.

लाव्हाने वेढलेलं झाड जळतं, पण त्याच्या खोडाएवढं गोल भोक दगडात तसंच राहतं. आता त्याच दगडावरून नव्या किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन गावच्या लोकांनी कोंब आलेले नारळ लावलेत, भेगांमध्ये, हाताने माती घालून.