सरस्वतीचंद्र : कादंबरी आणि चित्रपट

गोवर्धनराम माधवराम त्रिपाठी (१८५५–१९०७) यांची चार भागांतली गुजराती कादंबरी (१८८७–१९०१) आणि तिच्यावरून गोविंद सरैया यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट (१९६८). घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती अशी सवय असलेल्या वडोदऱ्याच्या मराठी वाचकाला दोन्ही कृती भाषांतराशिवाय मिळाल्या. त्यामुळे या तुलनेत भाषेचा अडसर येत नाही. कादंबरी कुठे संपते आणि चित्रपट कुठे सुरू होतो, एवढेच पाहायचे उरते.

मुंबईच्या धनाढ्य लक्ष्मीनंदनाचा मुलगा सरस्वतीचंद्र घरातल्या कलहाला, सावत्र आई गुमानच्या कागाळ्यांना कंटाळून घर सोडतो. त्याची वाग्दत्त वधू कुमुदसुंदरी सुवर्णपूरच्या बुद्धिधनाचा मुलगा प्रमादधन याच्या घरी पडते. गोवर्धनराम मात्र गोष्ट इथून सुरू करत नाहीत. पहिल्याच प्रकरणात नवीनचंद्र नावाचा एक अनोळखी तरुण सुवर्णपुरात येतो आणि तो कोण हे वाचकाला हळूहळू उमगते. चित्रपटाने ही गाठ सोडवून घटना ओळीने लावल्या. प्रेम आधी, विरह नंतर. पाहायला सोपे झाले, पण कुमुदच्या सासरी तिचाच पूर्वीचा वर परक्या नावाने वावरतो आहे, हे कोडे सुटत जाताना येणारी मजा गेली.

खरा फरक पत्रात आहे. चित्रपटात पत्रे दोघांना जवळ आणतात. गीतकार इंदीवर यांचे ‘फूल तुम्हें भेजा है खत में’ हे गाणे त्यातूनच येते. कादंबरीतले गाजलेले पत्र याच्या उलट, सोडवणूक करणारे आहे. चंद्र मावळला म्हणून, हे रात्री, तू विरहाने आंधळी होऊ नकोस. सूर्याचा हात धर आणि दिवस हो, असे नायक कुमुदला लिहितो. पद्य द्रुतविलंबित वृत्तात आहे. शाळेत वृत्ते घोकलेल्या मराठी माणसाला ते गुजराती असूनही पहिल्या वाचनात चालीवर म्हणता येते. शहाणपण म्हणून ठीक, पण ज्या मुलीच्या हातात हे पत्र पडले तिचा विचार केला की नायकाचा राग आल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटाने सर्वांत मोठी कात्री लावली ती राज्यकारभाराला. पहिल्या भागाचे नावच ‘बुद्धिधननो कारभार’ आहे आणि तिसरा कादंबरीतल्या रत्ननगरी संस्थानाच्या राज्यतंत्रावर. स्वतः लेखक भावनगरच्या दिवाणांच्या पदरी राहिलेला, त्यामुळे दरबारातली कुजबुज त्याला आतून ठाऊक होती. ‘कारभार’ हा शब्द मराठी-गुजरातीत एकच, आणि वडोदऱ्यात तो पुस्तकी कधीच नव्हता. पहिला भाग निघाला त्याच्या बारा वर्षे आधी, १८७५ मध्ये, इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढले होते. संस्थानावर गोऱ्या साहेबाची नजर असणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नसे. ही पाने प्रेमकथेतली अडगळ म्हणून ओलांडणारे वाचक असतात. कादंबरीचे अर्धे वजन तिथेच आहे.

चित्रपटाची बाजू अर्थातच लंगडी नाही. नूतन (माहेरची समर्थ) कुमुद आहे, प्रमादच्या भूमिकेत रमेश देव. नरिमन इराणी यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाला आणि कल्याणजी-आनंदजींच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘मैं तो भूल चली बाबुल का देस’ची चाल गरब्याची असल्याने वडोदऱ्यात त्या गाण्याला चित्रपटाच्या ओळखीची गरज उरलेली नाही.

शेवट दोन्हीकडे जवळपास सारखा. विधवा झालेली कुमुद पुनर्विवाह नाकारते आणि धाकटी बहीण कुसुम सरस्वतीचंद्राला द्यावी असे सुचवते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे पहिला भाग आला तेव्हा तीस वर्षांचा जुना. कादंबरीत सुंदरगिरीवरच्या गुहेत दोघे या प्रश्नाशी दीर्घकाळ झगडतात. पडद्यावर तेवढा अवकाश नसल्याने कुमुदचा नकार निव्वळ त्याग वाटतो. कुसुम मुळात लग्नालाच राजी नसते, हे गाण्यांवरून पुस्तकाकडे वळणाऱ्याला चौथ्या भागात कळते.