डीजेपुढची लेसर आणि डोळ्याचा पडदा

बेळगावात गणपती विसर्जन असू दे नाहीतर शिवजयंतीचे चित्ररथ, डीजे आला की लेसर आलीच, आणि पोरं त्या हिरव्या झोताकडं तोंड करूनच नाचतात. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिककडं तरुण पोरांच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या होत्या, म्हणून मंडळवाल्यांनी हे जरा नीट वाचा.

लेसरचा झोत बारीक असतो, पसरत नाही, आणि डोळ्यातलं भिंग तो आणखी गोळा करून पडद्यावर म्हणजे रेटिनावर केसापेक्षा बारीक ठिपका पाडतं, तिथं तीव्रता जवळजवळ १ लाख पट होऊ शकते. हिरवा प्रकाश डोळ्यात कुठं अडत नाही, थेट पडद्यामागच्या काळ्या थरात आणि रक्तात शोषला जातो आणि तिथंच भाजतं.

डॉक्टर हेच भाजणं उपचाराला वापरतात. गेर्ड मायर-श्विकेराथ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९४५ चं सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेला पेशंट तपासला आणि त्याच्या डोक्यात आलं, असा व्रण मुद्दाम पाहिजे तिथं केला तर? आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा, आणि १९६० ला लेसर निघाल्यावर तर हे काम फारच नेमकं झालं. आज शुगरवाल्यांच्या पडद्यावर हिरवीच लेसर मारतात, पाव वॅटच्या आसपास, सेकंदाचा दहावा भाग, आणि ज्या मधल्या भागानं आपण वाचतो, चेहरे ओळखतो तो मॅक्युलाचा मधोमध सांभाळून.

मिरवणुकीतल्या मशिनी बऱ्याचदा काही वॅटच्या असतात. अर्ध्या वॅटच्या वर गेलं की ते क्लास ४, सगळ्यात धोक्याचं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं, आणि पडद्याला दुखणं कळतच नाही हो, त्यामुळं पोरगं नाचतच राहतं. सकाळी मधोमध काळा डाग दिसतो किंवा दाराची चौकट वाकडी दिसते. एकेक डोळा झाकून बघायचं, काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. ओसीटी नावाच्या तपासणीत हात न लावता, नुसत्या प्रकाशानं पडद्याचे थर एकेक करून दिसतात, छिद्र पडलंय की रक्त साठलंय ते कळतं. साठलेलं रक्त कधी आपोआप जिरतं, कधी दुसऱ्या लेसरनं वाट करून द्यावी लागते, पण जळालेल्या पेशी परत येत नाहीत.

अमेरिकेतल्या नियमात झोत लोकांच्या पायाखालच्या जमिनीपासून ३ मीटर वर ठेवायला सांगितलंय. मोकळ्या मैदानावर ते जमेल, पण आपल्या खडेबाजार, गणपत गल्लीत झोत वर केला की तो थेट पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत जातो, आणि तिथं बायका कडेवर लहान पोरं घेऊन मिरवणूक बघत उभ्या असतात. त्यामुळं अरुंद गल्लीत लेसर लावूच नये असं मला ठाम वाटतं, साधे फोकस आणि एलईडी लावा की, रंगाला काय कमी पडतंय.