किट कारसाठी डोनर गाडी खोलणे

घरच्या गॅरेजमध्ये किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायची गाडी, बांधण्यासाठी एखादी जुनी गाडी पूर्ण खोलून तिचे इंजिन, गियरबॉक्स, डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा भाग), स्टिअरिंग, ब्रेक आणि वायरिंग काढून घेण्याची पद्धत. ज्या गाडीचे भाग नव्या चासीवर चढतात तिला डोनर म्हणतात. हा छंद ब्रिटनमध्ये विशेष रुजला. भंगारवाला गाडी वजनासाठी तोडतो. किट बांधणारा प्रत्येक बोल्ट पुन्हा लावायचा आहे हे मनात धरून सोडवतो, म्हणून त्याचे काम कितीतरी सावकाश चालते.

या छंदाला करांनीही हात दिला. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार सुट्या भागांत विकत घेतली, तर तयार गाडीवरचा खरेदी कर लागत नसे. मात्र सोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. त्यामुळे कंपनी गाडी खोलण्याच्या सूचना देई आणि घेणारा त्या शेवटाकडून वाचत गाडी उभी करी, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली, पण गाडी बांधण्याची हौस टिकली. पुढे सेव्हनच्या धर्तीच्या गाड्यांसाठी फोर्ड एस्कॉर्ट हा आवडता डोनर ठरला. जुन्या एस्कॉर्ट दुर्मीळ आणि महाग झाल्यावर लोक फोर्ड सिएराकडे आणि नंतर माझदा एमएक्स-५ कडे वळले. अमेरिकेत ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये मँक्स बग्गी ही वाळूवर चालवायची छोटी उघडी गाडी बनवली. तिच्या किटसाठी फोक्सवॅगन बीटलची बॉडी बोल्ट काढून उचलत आणि खालचा तळ कापून आखूड करत.

१९८९ मध्ये आलेली एमएक्स-५ या कामासाठी फार सोयीची आहे. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, आणि गियरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम. पुढची-मागची सस्पेन्शन आपापल्या सबफ्रेमवर (बॉडीला बोल्टने जोडलेल्या छोट्या चौकटीवर) बसवलेली असते. बॉडीचे पत्रे गंजले, विशेषतः दारांखालचे पट्टे आणि मागच्या चाकांवरच्या कमानी, तरी खालची यंत्रणा बहुधा धडधाकट असते. अशी गाडी स्वस्तात मिळते. एमईव्ही कंपनीच्या एक्सोसेट किटमध्ये ही सगळी यंत्रणा जवळपास अखंड नव्या चासीखाली जाते.

खोलण्याआधी गाडी चालवून पाहावी, इंजिन गरम होऊ द्यावे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावे. एकदा इंजिन उतरवले की त्यातला दोष महिनोन्‌महिने कळत नाही. मग बॅटरी काढून थोडा वेळ थांबून एअरबॅग उतरवतात. पेट्रोलची टाकी मोकळ्या हवेत रिकामी करतात; रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडावे. हब नटसारखे (चाकाच्या मध्यभागी असणारे) अतिशय घट्ट नट चाके जमिनीवर असतानाच ढिले करावेत, कारण गाडी स्टँडवर चढवल्यावर त्यांच्यावर जोर लावणे धोक्याचे असते.

सर्वांत जास्त वेळ वायरिंगला द्यावा. जुन्या गाडीतले जाळे न कापता एकसंध बाहेर काढायचे असते. प्रत्येक कनेक्टर सोडवण्यापूर्वी फोटो, आणि सोडवल्यावर लगेच चिठ्ठी: ‘डावा हेडलाइट’, ‘पंखा’, ‘रिव्हर्स स्विच’. नुसत्या मार्करने लिहिलेले तेलकट बोटांनी पुसले जाते, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. नंतरच्या मॉडेलमध्ये किल्ली, इमोबिलायझर (चोरी रोखण्यासाठी इंजिन बंद ठेवणारी यंत्रणा) आणि इंजिनचा कंट्रोल युनिट यांची जोडी असते. त्यातले एक हरवले तर इंजिन सुरूच होत नाही. नट-बोल्टांसाठीही हीच शिस्त: एका भागाचे बोल्ट एका पिशवीत, आणि लांब बोल्ट वरचा की खालचा तेही लिहिलेले.

शेवटी बॉडी उचलण्याचा क्षण येतो. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकच्या केबल, पेट्रोलची पाइप, सस्पेन्शनचे वरचे बोल्ट आणि सबफ्रेमचे बोल्ट सुटलेले असतात. बॉडी इंचभर उचलून थांबावे आणि टॉर्च घेऊन खाली वाकून पाहावे. हमखास एखादी अर्थिंगची तार किंवा केबल अजून धरून ठेवलेली दिसते. ती सोडवली की बॉडी वर जाते आणि जमिनीवर चार चाकांसह इंजिनापासून डिफरन्शियलपर्यंतचा सांगाडा उभा राहतो. हे दृश्य पाहिले की कित्येक आठवड्यांचा शीण उतरतो.

उरलेली दारे, सीट, छत, बॉनेट विकून डोनरची बरीचशी किंमत वसूल होते. गाडीची कागदपत्रे मात्र जपावी लागतात. ब्रिटनमध्ये बांधलेली गाडी आयव्हीए या सरकारी तपासणीतून जाते आणि तिथे धुराची मर्यादा इंजिनच्या वयावरून ठरते. भागांचे वय सिद्ध झाले नाही तर गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो.

भारतात ही वाट अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे येथील एका कारागिराने जुन्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, असे सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली.